कोळशाचा धक्का आणि आईच्या कुरडया

गेल्या वसंतात मी सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी लहानाचा मोठा झालो ते घर दाखवायला व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो आणि भलत्याच कुणाचं घर दाखवून आलो. आम्ही आता राहतो त्या श्रूजबरीहून निघाल्यापासून मी सांगत होतो की त्या गल्लीत मला डोळे बांधून सोडलं तरी मी नुसत्या वासावरून घर काढीन. गावात शिरल्यावर फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणाली, तिला मी गप्प केलं. मग एका पांढऱ्या घरासमोर गाडी उभी केली, काच खाली केली आणि सगळं सांगितलं. हा डेक, इथं आई वाळवण घालायची. ही खिडकी, इथून जहाजं दिसायची. हा मेपल, याच्याखाली शेजारची मिसेस प्रॉसर खुर्ची टाकून बसायची. सुधानं फोटोही काढले. तेवढ्यात घरातून एक तरुण बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली आणि काही मदत हवीय का म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, मी या घरात वाढलो. ती "हाऊ नाइस" म्हणाली आणि मग, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात, म्हणाली की हे घर तिच्या सासऱ्यांनी बांधलं, ती लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी. आमचं घर मागच्या गल्लीत होतं. त्याच्या जागी आता एका दंतवैद्याचं पार्किंग आहे. खरा मेपल मात्र तिथं अजून उभा आहे. त्याच्या बुंध्याशी 'फक्त पेशंटसाठी' अशी पाटी आहे.

तर भलत्या घरासमोर जे सांगून झालं ते आता नीट लिहून ठेवावं म्हणतो. निदान कागदावर तरी पत्ता चुकणार नाही.

आम्ही मूळचे भुसावळचे. आईचे वडील रेल्वेत गार्ड होते आणि बाबा वॅगनींच्या कारखान्यात इंजिनिअर. वॅगनी हा त्यांचा जीव की प्राण. चालती गाडी बघताना इतर माणसं डब्यातले चेहरे बघतात, बाबा खाली वाकून चाकं बघायचे. त्या वेडापायीच ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियातल्या एका कोळशाच्या धक्क्यावर नोकरीला लागले, आणि मागोमाग आई आणि मी गेलो. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. 'धक्का' हा शब्द आईचा. बाबा 'पिअर' म्हणायचे. ग्रीन कार्डचं सगळं काम कंपनीच्या मार्फत चाललेलं होतं, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात गणपतीच्या तसबिरीशेजारी कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि आई उदबत्ती ओवाळताना हात थोडा तिकडेही न्यायची. बाबांची नोकरी गेली तर पेट्या बांधून भुसावळला परत, हे मला अथर्वशीर्षापेक्षा चांगलं पाठ होतं.

त्या घरातले आवाज माझ्या अजून कानात आहेत. आवाजांच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही, घरांचं काय ते सांगितलंच. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक उतरती गवताळ जागा होती आणि तिच्यापलीकडे रेल्वेचं यार्ड. डोंगरातून आलेल्या कोळशाच्या वॅगनी तिथं ओळीनं उभ्या असायच्या, एकीमागे एक, नजर पोचेल तिथपर्यंत. मध्येच कुठंतरी इंजिन हलायचं, आणि तो धक्का एका वॅगनीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे जात जात यार्डाच्या पार टोकाला पोचायचा, कुणी डब्यांची उतरंड सावकाश कलंडवावी तसा. मग शांतता. मग पाण्यावरून एखाद्या जहाजाचा भोंगा, पोटातून आल्यासारखा. धुकं असलं की सगळे आवाज जवळ सरकायचे आणि वाटायचं की जहाज आमच्या बाथरूममध्येच उभं आहे. मी अंथरुणात पडल्या पडल्या एका वॅगनीचा आवाज मनानं धरायचो आणि तिच्यामागे जात राहायचो, यार्डातून धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजात, आणि मग कुठल्या तरी देशात, जिथं लोक तो कोळसा जाळून चहा करत असतील. चहापलीकडे कोळशाचा उपयोग मला सुचायचा नाही. त्याआधीच झोप लागायची.

त्या वर्षांत साऱ्या जगाला अचानक कोळसा हवा झाला होता. जहाजं इतकी यायची की धक्क्याला जागा नसायची, मग ती खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून वाट बघत बसायची, कधी आठवडे आठवडे. माझ्या खिडकीतून ती दिसायची. सकाळी सगळी जहाजं एका दिशेला तोंड करून उभी असायची, आणि भरती-ओहोटी पालटली की दुपारपर्यंत सगळी सावकाश फिरून उलट दिशेला तोंड करायची. कुणी हुकूम देत नाही, घाई नाही. जेवण झाल्यावर एखादं मोठं कुटुंब कूस बदलतं तशी. मी शाळेत भूगोलात मागे का राहिलो हे बाबांना कधी कळलं नाही. मी घरी बसून खरा भूगोल बघत होतो.

धक्क्याचा इतिहास आम्ही जेवताना शिकलो. बाबा ताटात भाताचा डोंगर करायचे, त्यातून चमच्यानं वाट पाडायचे आणि वरणाच्या वाटीपर्यंत उतरवायचे. "हा बघ डोंगर. कोळसा इथं. समुद्र इथं. ज्यांनी रेल्वे टाकली त्यांनी काय केलं? नदीचा हात धरून आले. भरलेली गाडी बहुतेक उताराला, रिकामी चढाला. काय डोकं असेल." मग लाकडी धक्का आला, त्यावर माणसं खोऱ्यांनी कोळसा ढकलायची, मग पोलादी धक्का, मग अख्खी वॅगन कवेत घेऊन उलटी करणारं यंत्र. तोवर भात गार झालेला असायचा. आई म्हणायची, "समुद्रात घाला आता तो डोंगर आणि जेवा."

पण बाबांचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे रिकाम्या वॅगनीची परतवाट. तिथले लोक तिला 'किकबॅक' म्हणायचे. यंत्रानं उलटी करून रिकामी केलेली वॅगन आपल्या वजनानं उतारावरून घरंगळत निघते. पुढे एकदम उभा चढ. त्यावर ती वेगाच्या जोरावर चढत जाते, चढत जाते, दमते, क्षणभर थांबते, आणि मागे येते. तेवढ्यात खालचा सांधा बदललेला असतो, म्हणून आली त्या रुळावर न जाता ती दुसऱ्या रुळानं निघून थेट रिकाम्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. इंजिन नाही, ड्रायव्हर नाही. बाबा हे सांगताना हातातला घास वर नेऊन थांबवायचे. तो थांबलेला घास बघून मलाही श्वास रोखावासा वाटायचा.

या इतिहासाचा दुसरा भाग शेजारच्या मिसेस प्रॉसरकडे होता. ती सत्तरी उलटलेली, उंच, काठी टेकत चालणारी बाई. तिचे वडील वेल्सहून आलेले, तिथल्या एका कोळशाच्या गोदीवर वॅगनी ओतायचं काम करणारे. तिथं वॅगन उलटी करत नसत, एका टोकानं उचलून तिरपी करायचे आणि कोळसा घसरगुंडीवरून थेट जहाजाच्या पोटात. पोटात माणसं खोरी घेऊन उभी, ढीग सारखा पसरायला. संध्याकाळी ती माणसं वर यायची तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसायचे. आणि अशा एकसारख्या काळ्या माणसांतून तिची आजी आपला नवरा नुसत्या चालीवरून ओळखायची. त्या गोदीला दोन-तीन रेल्वे कंपन्या आपापल्या दऱ्यांतून कोळसा आणायच्या आणि आधी कुणाची गाडी लागणार यावरून भांडायच्या. मिसेस प्रॉसर हे सगळं स्वतः बघितल्यासारखं सांगायची, जरी तिचा जन्म इथलाच. ती एक गोष्ट नेहमी सांगायची: तिच्या आजीचे पडदे दर सोमवारी काळे व्हायचे आणि ती कुरकुरत धुवायची. एकदा संप झाला. महिनेच्या महिने पडदे पांढरेशुभ्र राहिले, आणि घरात खायला काही नव्हतं. "पडदे पांढरे झाले की आजी रडायची," मिसेस प्रॉसर म्हणायची. मी हे आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "तरी पडदे धुता येतात."

आईचं दुखणं धुता न येणाऱ्या गोष्टींचं होतं.

दर उन्हाळ्यात ती कुरडया करायची. भुसावळहून येताना तिनं बॅगेत सोऱ्या आणला होता, पितळेचा, आणि त्यासाठी माझं क्रिकेटचं किट मागे राहिलं. गहू मिळायचे ते घोड्यांचं खाणं विकणाऱ्या दुकानात. दुकानदार दर वर्षी विचारायचा, घोडा कसा आहे. बाबा सांगायचे, छान आहे. ते गहू तीन दिवस भिजत पडायचे आणि घराला आंबूस वास सुटायचा. (आई आता माझ्या मागे उभी राहून म्हणतेय, चार दिवस. चार.) मग वाटायचे, गाळायचे, सत्त्व खाली बसू द्यायचं, आणि मग पहाटे मोठ्या पातेल्यात तो चीक शिजायचा. आई दोन्ही हातांनी पळी धरून घाटत असायची, पातेल्यातून 'फद्, फद्' असा आवाज यायचा आणि वाफेतून तिचा चेहरा दिसायचा, नाहीसा व्हायचा. पहिला वाटीभर गरम चीक माझा, वरून तेल आणि मीठ. जगात मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ महाग गोष्टी खाल्ल्या आहेत. सगळ्या ठिकाणी मनात त्या वाटीशी तुलना केली आणि बिल भरून बाहेर आलो.

मग डेकवर, म्हणजे घराच्या लाकडी ओट्यावर, तिची जुनी लुगडी पसरायची आणि त्यावर सोऱ्यातून पांढऱ्या गोल कुरडया पडत जायच्या. राखण माझ्याकडे. भुसावळला राखण म्हणजे कावळे हाकणं. इथं सीगल होते, पण खरी राखण वाऱ्याची. वारा पाण्याकडून असेल तर ठीक. तो फिरून धक्क्यावरून यायला लागला की मी ओरडायचं, मग आईनं आणि मी लुगड्याची टोकं धरून अख्खं वाळवण आत घ्यायचं. हे काम मी दोन उन्हाळे चोख केलं. तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी मी खुर्चीत बसून जहाजं बघत होतो. ओहोटी लागत होती आणि ती सगळी सावकाश वळायला लागली होती, एक, मग तिच्यामागची, मग पलीकडची लाल पट्ट्याची. जहाजं वळताना मी शेवटपर्यंत पाहिली. वारा वळलेला मात्र मला कळला नाही. भानावर आलो तो आईच्या हाकेनं. कुरडयांवर काळं मीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. आईनं एक उचलून फुंकर घातली. ओल्याच होत्या त्या, काळं आत बसलेलं होतं.

ती मला एक शब्द बोलली नाही. बाबा घरी आल्यावर मात्र म्हणाली, "तुमच्या कंपनीनं माझं वर्षाचं वाळवण खाल्लं." बाबा थकलेले होते. ते बूट काढता काढता म्हणाले, "अगं, तू भुसावळची. इंजिनाच्या धुरात वाढलीस. तुला काजळीचं काय नवल?"

"भुसावळला वारा आमच्या बाजूनं होता," आई म्हणाली.

"मग काय करू मी? फवारे आहेत पाण्याचे. जहाजांची घाई असली की बंद ठेवतात. ओला कोळसा चिकटतो, काम मंदावतं. मी सांगून बघितलं. माझ्या हातात आहे का ते?" आणि वर म्हणाले, "कुरडयाच आहेत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. आईनं त्या दिवसापासून अबोला धरला. आमच्या घरचा अबोला शिस्तीचा असायचा. जेवण वेळेवर, डबा वेळेवर, इस्त्री वेळेवर, फक्त बोलणं माझ्यामार्फत. "श्री, बाबांना सांग, ताट वाढलंय." "श्री, आईला सांग, आलोच." दोघं एकाच टेबलाशी बसलेले. मी मधे बसून मराठीचं मराठीत भाषांतर करायचो, आणि करताना धार जरा बोथट करायचो. आई म्हणायची, "विचार त्यांना, कोळसा वाढू का आणखी?" मी म्हणायचो, "बाबा, आई विचारतेय, भात हवा का?" बाबांना सगळं ऐकू आलेलं असायचं. ते म्हणायचे, "थोडा."

त्या अबोल्यामुळेच पुढचं घडलं. वस्तीतल्या लोकांनी धुळीबद्दल चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती आणि कंपनीला उत्तर द्यायला बोलावलं होतं. मिसेस प्रॉसरनं आईला आपल्याबरोबर यायला सांगितलं. आईनं हे बाबांना सांगितलं नाही, कारण अबोला. कंपनीतून बाबांचे साहेब, मिस्टर टकर, जाणार होते. यंत्रांची माहिती द्यायला त्यांनी बाबांना बरोबर घेतलं. बाबांनी हे आईला सांगितलं नाही, कारण अबोला. निरोप्या मी, पण मला कुणी निरोपच दिला नव्हता. आईनं मला एवढंच सांगितलं, "चल, तिथं माझं बोलणं इंग्रजीत सांगायचंय," आणि स्टीलचा एक डबा माझ्या हातात दिला.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. हॉलमध्ये लाकडी फोल्डिंग खुर्च्या, कॉफीचा मोठा पिंप, आणि समोर टेबलामागे टाय लावून बसलेले मिस्टर टकर आणि बाबा. आई दारातच थांबली. बाबांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मला वाटलं आता परत फिरू. पण मिसेस प्रॉसरनं मागून काठीनं मला ढोसलं आणि आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मी अंगावरचा शर्ट नीट केला. ग्रीन कार्ड माझ्या डोळ्यांसमोर हिरव्या पानासारखं गळून खाली पडताना दिसत होतं.

सभेचा अध्यक्ष रे नावाचा निवृत्त पोस्टमन होता. एकेक जण उठून बोलत होता, कुणाच्या गाडीवर धूळ, कुणाच्या मुलाला खोकला. मग मिसेस प्रॉसर म्हणाली, "माझ्या शेजारणीला बोलायचंय," आणि आई उभी राहिली. बरोबर मीही.

आई मराठीत म्हणाली, "यांना सांग, चार दिवस गहू भिजवले, पहाटे उठून चीक घाटला, हात पोळला, आणि ऊन उतरायच्या आत सगळं काळं. कंपनीवाल्यांच्या घरात बायामाणसं आहेत की नाहीत? की ते जेवायला कोळसाच घेतात?"

मी समोर बघितलं. मिस्टर टकर बघत होते. बाबा टेबलाकडे बघत होते. मी म्हणालो, "माय मदर सेज, देअर इज सम डस्ट."

हॉल वाट बघत राहिला. आई मला म्हणाली, "एवढंच?"

"इंग्रजीत थोडक्यात होतं, आई."

मिसेस प्रॉसरनं काठी जमिनीवर आपटली. "मला तिची भाषा येत नाही," ती सगळ्यांना म्हणाली, "पण लांबी कळते. हे ते नव्हतं."

लोक हसले. आईनं माझ्या हातातला डबा घेतला, उघडला आणि त्यातली एक कुरडई रेच्या हातात दिली. वाळून कडक झालेली, पांढऱ्यावर काळे ठिपके. रेनं ती उलटसुलट करून बघितली आणि अदबीनं विचारलं, "हे पक्ष्याचं घरटं आहे का?" मी म्हणालो, "फूड." ती कुरडई मग हातोहात फिरली. प्रत्येक जण ती उजेडाकडे धरून बघायचा, काळ्या ठिपक्यांवर बोट फिरवायचा, बोट बघायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. फिरत फिरत ती टेबलापाशी पोचली. मिस्टर टकरनी ती चटकन बाबांकडे सरकवली. आई सोडली तर त्या सगळ्या हॉलमध्ये ती तळल्यावर कशी फुलते आणि दाताखाली कशी विरते हे माहीत असलेला मोठा माणूस एकच होता. बाबांनी ती तळहातावर घेतली. खाली ठेवली नाही.

"मॅडम," रे म्हणाला, "तुमचा प्रश्न कुणाला आहे? मिस्टर टकरना, की यांना?"

आईनं हनुवटीनं दाखवलं.

"नाव सांगा, प्लीज. टिपून घ्यायचंय."

आता इथं माझी आई अडकली. तिनं लग्नानंतर बाबांचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं, शाळेत माझा दाखला काढतानाही वडिलांचं नाव मी सांगितलं होतं. हॉलमधल्या लोकांना वाटलं ती घाबरली. एक बाई मागून म्हणाली, "घाबरू नका, हनी." मी रेला म्हणालो, "ते, ते टाय लावलेले." दोघांनीही टाय लावला होता. रे पेन्सिल घेऊन थांबलेला. धक्क्यावर बाबांना सगळे नुसतं 'बी' म्हणायचे, आमचं भालेराव कुणाला झेपत नव्हतं, त्यामुळे आमचा आणि त्या टेबलाचा काही संबंध असेल हे मिसेस प्रॉसरखेरीज कुणाच्या मनातही नव्हतं. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या इंग्रजीत, अगदी स्पष्ट म्हणाली, "धिस बॉयज फादर."

कॉफीच्या पिंपाचा आवाज ऐकू यायला लागला. मिस्टर टकरनी मान हळूहळू बाबांकडे वळवली, ओहोटीतल्या जहाजासारखी.

आई बाबांशी कित्येक दिवसांनी थेट बोलली ती त्या सभेत. "अहो," ती म्हणाली, "फवारे आहेत म्हणालात ना? मग बंद का ठेवता?"

रेनं मला विचारलं, काय म्हणाल्या त्या. आणि मला कळलं की हे जसंच्या तसं सांगितलं तर कंपनीची आतली गोष्ट बाबांनी घरी सांगितली हे उघड होणार, साहेबांच्या देखत. मी तोंड उघडलं. माझ्या मनात तयार होतं, माय मदर इज आस्किंग अबाऊट वॉटर. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले आणि मला मराठीत म्हणाले, "श्री. जसं आहे तसं सांग."

मी सांगितलं. आवाज फुटत होता, वयच ते होतं.

"येस, मॅम," बाबा आईला म्हणाले. कुरडई अजून त्यांच्या हातात होती. ते सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले. फवारे आहेत. चांगले आहेत. जहाजांची घाई असली की आम्ही ते बंद ठेवतो, कारण ओल्या कोळशानं काम मंदावतं. वारा वस्तीकडे असताना ते बंद ठेवणं बरोबर नाही. ठेवायला नको. मग ते खाली बसले, आणि पाणी प्यायले.

मिस्टर टकरनी चष्मा काढला, पुसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बी, घरी पण ही अशीच धरते तुला?"

बाबा म्हणाले, "येस सर. दुभाषीही हाच असतो."

सगळा हॉल हसला. त्यांना तो विनोद वाटला. मिस्टर टकरही हसले, जरा उशिरा, पण हसले. एखाद्या माणसाची नोकरी हसण्यावर टिकते की नाही मला माहीत नाही, मी पुढे पुष्कळ मीटिंगांमध्ये प्रयत्न करून बघितला. पण त्या संध्याकाळी हॉलमधली हवा सैल झाली एवढं खरं.

परत येताना बाबा गाडी चालवत होते, शेजारी आई, मागे मी आणि मिसेस प्रॉसर. चर्च मागे पडलं. मग आई समोर बघतच म्हणाली, "नोकरी जाईल का हो?"

"माहीत नाही."

"मग खरं कशाला सांगितलंत?"

"तू विचारलंस ना."

मी नेहमीच्या सवयीनं तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मधे माझी गरज उरलेली नाही. बाबांनी गाडी घराकडे न वळवता यार्डाच्या कुंपणापाशी नेऊन थांबवली. सूर्य मावळतीला टेकला होता आणि सगळा कोळसा, एवढे डोंगरच्या डोंगर, जांभळे चमकत होते. आम्ही चौघं कुंपणाला हात लावून उभे राहिलो. पलीकडे यंत्रानं एक वॅगन ओतली, कोळसा पडल्याचा आवाज लाटेसारखा आला, आणि ती रिकामी वॅगन एकटीच उतारावरून निघाली. आईनं हे कधी बघितलं नव्हतं, ताटातल्या भातापलीकडे. वॅगन चढावर चढायला लागली. वर, आणखी वर. मग थांबली. आई म्हणाली, "अगंबाई." वॅगन मागे आली, सांध्यावर कुरकुरली आणि दुसऱ्या रुळानं हळूहळू आपल्या रांगेकडे निघून गेली. मिसेस प्रॉसर म्हणाली, "माझ्या वडिलांना हे फार आवडलं असतं." ते मी आईला जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "आणखी एक बघू." मग आणखी एक बघितली. मग अंधार व्हायला लागेपर्यंत बघत राहिलो, आणि अजूनही डोळे मिटले की मला ती सगळ्यात वर थांबलेली वॅगन दिसते, कुठंच जायची घाई नसलेली.

सोमवारी मिस्टर टकरनी बाबांना बोलावलं आणि सांगितलं, एवढा कळवळा आहे तर पाण्याचं खातं आता तुझ्याकडे, वारा फिरला की फवारे तू बघायचे, शनिवारीसुद्धा. पगार तोच. बाबांना वाटलं शिक्षा झाली, आईला वाटलं बढती मिळाली, आणि दोघांनी ते आयुष्यभर आपापल्या परीनं सांगितलं. धूळ थांबली नाही, कमी झाली. पुढच्या वर्षी आईनं पुन्हा कुरडया घातल्या. तळल्यावर त्या थोड्या करड्या फुलल्या. बाबा आवाज न करता दोन-दोन खाऊन गेले. पुढे तो जुना धक्का बंद झाला, मिसेस प्रॉसर गेली, आणि काही वर्षांपूर्वी बाबाही गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळलेली, चुरा झालेली एक ठिपक्यांची कुरडई निघाली. आईनं ती बघितली आणि खण परत लावला.

हे सगळं मी सुधाला पहिल्यांदा भलत्या घरासमोर, आणि मग खात्रीसाठी दुसऱ्यांदा दंतवैद्याच्या पार्किंगमध्ये सांगितलं. सुधा अमेरिकेतच, वेस्ट विंडसरला वाढलेली, तमिळ घरातली. मराठी ती लग्नानंतर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात शिकली, आता तर दोघी माझ्या डोक्यावरून बोलतात. ती मेपलकडे बघत कॉफी पीत होती. मला वाटलं डोळे पुसतेय. गाडी हायवेला लागली. मग म्हणाली, "श्री, यार, एक विचारू? आपल्या लग्नात तुझी आई माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलली होती. मला तेव्हा मराठी येत नव्हतं. मी तुला विचारलं, काय म्हणाल्या, तर तू म्हणालास, शी लाइक्स युअर सारी." तिनं कप खाली ठेवला. "एवढ्या लांब वाक्याचं एवढंसं कसं झालं रे?"